जेवायचा हात

बालवाडीच्या पडवीत, शहाबादी फरशीवर
दर सोमवारी मी खडूनं पट्टे ओढते.
बाहेर रस्त्यावरचे केव्हाच गेले,
अर्धे टायरांखाली, अर्धे मेट्रोच्या पत्र्यांमागे,
त्यामुळे आख्ख्या भांडुपात
पांढरेशुभ्र म्हणावेत असे एवढेच.

ओजस तांडेल टँकर होतो. नेहमी तोच.
इर्शाद रिक्षा, ती मध्येच वळते.
मी शिट्टी वाजवते, हात आडवा धरते,
रिक्षा थांबते, कुल्फीची गाडी थांबते,
टँकर थांबत नाही.
"अरे, माणसं जातायत ना?"
"टँकर कुठे थांबतो, बाई?"
त्याचे वडील टँकरवर आहेत, त्याला माहीत असणार.
मी त्याला खिडकीखाली पार्क करते.

मग मुख्य धडा.
आधी उजवीकडे बघायचं, मग डावीकडे,
पुन्हा एकदा उजवीकडे.
पण चार वर्षांच्या माणसाला उजवं म्हणजे काय?
बावीस वर्षं मी एकच युक्ती सांगत आलेय:
जेवायचा हात बाजूला पसरा.
एकोणीस हात पेट्रोलपंपाकडे.
एक हात मच्छीबाजाराकडे.

सोयरा. सोयरा घाडी.
"चुकीचा हात गं," माझ्या तोंडून निसटलं,
आणि काही न बोलता तिनं तो हात
पाठीमागे नेला,
जसा घरी नेत असेल ताट पुढ्यात आल्यावर.

त्या रात्री भात कालवताना
मी आपल्याच बोटांकडे बघत बसले.
बावीस वर्षं. वर्षाला एखादं तरी डावरं असणारच.
त्यांनी रस्त्यावर
आधी कुठे बघितलं असेल?

दुसऱ्या दिवशी युक्ती बदलली.
हात सोडा. शाळेतून निघालं की आधी पंप,
मग मच्छीबाजार, पुन्हा पंप.
पंप, मच्छी, पंप! पोरं डबा खातानाही म्हणू लागली,
आणि मला वाटलं, जमलं बाई.

गुरुवारी सकाळी पलीकडच्या फुटपाथवर
मी पोरांना घ्यायला उभी.
सोयरा मामाचं बोट सोडून आली, म्हणाली,
"बाई, पंप आज तिकडे गेला."
खरंच गेला होता.
जाताना जो उजवा, तो येताना डावा,
हे एवढं साधं
मला कोर्समध्येही कुणी सांगितलं नव्हतं
आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

"मग आधी कुठे बघायचं गं?"
परीक्षा घेत नव्हते, खरोखरच विचारत होते.
"गाडी येते तिकडे."

तेवढ्यात उलट्या दिशेनं, दुभाजकाला घासत,
कुणाचं तरी जेवण पाठीवर घेऊन
एक पोरगा सुसाट गेला,
मोबाईल हेल्मेटात खुपसलेला.
सोयरानं मान सगळीकडे फिरवली,
शेवटी वरसुद्धा बघितलं,
जिथे मेट्रोची क्रेन काहीतरी लटकवून उभी होती.
मी हसले नाही. मीही वर बघितलं.

हिरवा माणूस लागला. चौदा सेकंद.
माझ्या गुडघ्यांना सोळा लागतात.
"चला," म्हणून मी हात पुढे केला,
तिनं धरला, त्याच हातानं,
बोटांना खारीचा चुरा अजून चिकटलेला.

बारा. अकरा.
दुभाजकापाशी टँकर होता, खराखुरा,
पट्टे असते तर पट्ट्यांवर नाक आणून,
गुरगुरत.
ओजसचे वडील होते की दुसरं कुणी,
काचेवर ऊन होतं, दिसलं नाही.
सात.
सोयरा त्याच्यावरची नजर न काढता चालत होती,
न पळता,
मोकळा हात माझ्यासारखा आडवा धरून,
उजवा की काय म्हणतात तो.