हाका

यमुताई हर्डीकरांकडे जांभळी कॉपिंग पेन्सिल होती,
जिभेला लावून लिहायची.
सबंध पौष महिना त्यांची जीभ जांभळी होती.
सायकलच्या कॅरियरला अर्जांचा गठ्ठा,
मागे चालत मी, हातात शाईचं पॅड,
अंगठेवाल्यांसाठी.

जनकगंज. दौलतगंज. कंपूची उतरण.
शिकार कायद्यानं बंद व्हावी,
एवढंच मागणं, साडेतीन ओळींचं,
आणि खाली रेघा, रेघा,
पिंजऱ्याचे गज आडवे निजवल्यासारख्या.

जगदाळे सरकारांनी आम्हाला बसवलं
ते बरोबर त्याच्याखाली.
भिंतीतून नुसतं मुंडकं बाहेर आलेलं,
जणू उरलेला वाघ पलीकडच्या खोलीत उभाच आहे अजून.
(जाताना मी खरंच डोकावलो.
पलीकडे शिवणाचं मशीन होतं.)
चहा आला. मुरैन्याची गजक आली.
नोकर स्टुलावर चढून दात घासायच्या ब्रशानं
वाघाची जीभ पुसत होता.
प्लास्टरची. गुलाबी.

सरकार म्हणाले, बाई, आम्ही मारत होतो
म्हणून तर जंगलं राखली गेली.
आता बघा, टाली कशा भरल्यात लाकडांनी.
यमुताईंनी गजक मोडली.
खोटं नाही, म्हणाल्या,
खाटीकही बोकडाला राखतोच की,
अगदी वारापर्यंत.

सही झाली नाही.
चहा मात्र दुसऱ्यांदा आला.

टालीवर बारेलाल भेटला,
रातपाळीचा राखणदार, शिवपुरीकडचा.
शिकारीची गोष्ट तो उलट्या बाजूनं सांगायचा:
मचाणावर नव्हता कधी, मचाणासमोर होता.
दोनशे माणसं, डबे, थाळ्या, फुटके पत्रे,
अर्धा कोस रुंद रांग,
आणि पुढे पुढे हलत जाणारं गवत.
दिवसाचे सहा आणे.
"गोळी त्याच्यासाठीच असायची, मास्टरजी,
पण नळीचं तोंड आमच्याकडे."
धाकटा भाऊ हरप्या त्याच रांगेत होता.
वाघाची लांबी वहीत नोंदली,
नऊ फूट सात इंच.
हरप्या किती उंच होता
ते बारेलालनं हात वर करून दाखवलं,
आणि तोच अंगठा पॅडवर दाबला.

रविवारी बाड्यावर सभा.
खुर्च्या बत्तीस, भाड्याच्या. माणसं पाच,
त्यात एक खुर्चीवाला.
महिनाभर आम्ही दारोदार हाका मारल्या होत्या,
नरड्याला सुंठ लावून.
बारेलाल आला तो डालड्याचा गंजका डबा घेऊन.
बोलला काही नाही.
गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला
आणि त्याला येत होतं ते त्यानं केलं.

असा आवाज मी ऐकलेला नव्हता.
त्याला ताल नव्हता, म्हणून धरताही येईना.
कुत्री शेपट्या घालून पळाली,
सराफ्याच्या सज्जांवर माणसं आली,
एक टांग्याचं घोडं मागच्या पायांवर उभं राहिलं.
आणि माझ्या पोटात, बरगड्यांखाली,
काहीतरी उठलं नि धावत सुटलं.
मी, बी.ए. दुसऱ्या वर्गात पास,
नकळत सरकत होतो
जिकडे आवाज नाही तिकडे,
पोस्टाच्या मागच्या त्या शांत, मोकळ्या बोळाकडे.
आणि मग कळलं.
मचाण तिथेच असतं.

सह्या एकशे बारा, अंगठे एकोणीस.
काही लोक भांडायला आले होते,
डबा थांबवा म्हणून सही करून गेले.

सगळ्यात शेवटी, दिवे लागल्यावर,
जगदाळ्यांचा तो नोकर आला.
नाव विचारायचं त्या दिवशी आम्हाला सुचलं नव्हतं.
सावकाश, मोडी वळणाच्या अक्षरात त्यानं लिहिलं: धोंडी बिन लखू.
पेन्सिल परत देताना अडखळला.
"कायदा झाल्यावर ती जीभ पुसावी लागणार नाही ना, बाई?"

यमुताईंनी कागदावरून मान वर केली.
"आहे ती पुसावीच लागेल, धोंडिबा," म्हणाल्या,
आणि खालची रेघ
जीभ ओली करून
आणखी एकदा गडद केली.