अर्धा तास

फार्मसीत कामाला निघताना खातिया बोट नाचवते,
"अर्धा तास. वर एक मिनिट नाही."
बोट लेकीपुढे नाही नाचवत,
माझ्यापुढे नाचवते.

मी ओतार. कुताइसीत छत्तीस वर्षं
लोकांचे टीव्ही दुरुस्त करत जगलो.
हिचे बूट, हिच्या वह्या, हिचं औषधांचं शिक्षण
सगळं पिक्चर ट्यूबमधून आलं.
ज्याचं मीठ खाल्लं
त्याचंच तोंड आता मी घड्याळ बघून बंद करायचं.

तेक्ले अडीच वर्षांची. टीव्ही लागला
की पावाचा तुकडा तोंडाजवळ येतो आणि
पुढे कुठे जायचं ते विसरतो.
पापणी लवत नाही.
मी हाक मारतो, "बाबू."
आमच्याकडे आजोबा नातीला
स्वतःच्याच नात्याने हाक मारतात.
मग ओ कोणी द्यायची हेच कळत नाही,
आणि कोणीच देत नाही.

हे डोळे मी घरोघरी पाहिलेत.
शेवटचा टाका घालायचो, चित्र उभं राहायचं,
भांडणारं घरसुद्धा गप्प व्हायचं,
आणि कुणीतरी माझ्यापुढे वाइनचा ग्लास ठेवायचं.
ती शांतता मला माझी कमाई वाटायची.
आता तीच शांतता नातीच्या तोंडावर बघतो
तर घशाखाली काही उतरत नाही.

आणि ते काळोखे हिवाळे.
वीज यायची दोन तास, कधी तेवढीही नाही.
तेव्हा वेळ कुणाला आखून द्यावी लागत नव्हती.
खातिया एवढीच होती,
मेणबत्तीशेजारी बसून
बंद पडद्याकडे बघत राहायची.
तिला आठवत नाही.
मला आठवतं, म्हणून त्या बोटाचा राग येत नाही.

जुना टीव्ही बंद केला की मधोमध
एक पांढरा ठिपका उरायचा, बारीक बारीक होत जायचा.
पोरं त्याला हात हलवून निरोप द्यायची.
आताचा खटकन काळा.
दार तोंडावर आपटावं तसा.
तेक्लेने भोकाड पसरलं तर तिचं काय चुकलं?

मंगळवारी तिने विचारलं, ससा कुठे गेला.
भिंतीवरच्या टीव्हीमागे हात घालून बघू लागली,
तिथे तिचं बोटही शिरेना.
मग मी तिला मागच्या शेडमध्ये नेलं.
एक जुनं खोकं आहे, गिऱ्हाईक न्यायला आलंच नाही.
त्यातला करंट मी कधीच उतरवून ठेवलाय.
पाठ उघडली. धूळ, तांब्याच्या तारा, राळेचा वास.
"ससा?"
नाही.
ती रडली नाही. म्हणाली, "हे काय?"
हा स्क्रू.
"हे काय?"
हाही स्क्रू.

वाडग्यात टाक, बाहेर काढ, परत टाक.
बाहेर कोंबड्या गप्प झाल्या, ऊन शेडच्या दारातून सरकलं.
झाकण लावताना मोजले: सोळा.
काढले होते सतरा.
माझ्या पायातलं बळ गेलं.
आ कर. जीभ वर कर. नाक दाखव.
शेवटी मूठ उघडली,
तळव्यावर आट्यांचा लालसर ठसा
आणि त्यावर तो.

खातिया सहाला आली. लेकीची काळी नखं पाहिली.
"किती वेळ बघितला?"
म्हटलं, आज लावलाच नाही.
ती काही बोलली नाही.
आत जाऊन टीव्हीच्या पाठीला हात लावला,
गरम आहे का बघायला.

ती दहा वर्षांची असताना
मी असाच हात लावून तिची चोरी पकडायचो.

पाठ थंड होती.
तिने हात लगेच काढला नाही.
म्हटलं, राहिलेला अर्धा तास
उद्याच्या खात्यात धरायचा का?

उत्तर यायच्या आत
खालून तेक्लेने तिचा झगा ओढला,
"ससा लाव."