आडनाव आधी

लॉ कॉलेज चौकात झेरॉक्सच्या दुकानामागं
कूलरच्या तोंडाशी माझा कॉम्प्युटर.
एप्रिल संपत आला की प्रबंध येतात.
पानाला बारा रुपये,
संदर्भसूचीचे पंधरा,
तिथं डोळे जातात.

आडनाव. स्वल्पविराम. नाव.
कंसात साल. पुस्तक तिरपं.
मग प्रकाशक, मग गाव.
पहिली ओळ समासाला टेकलेली,
खालच्या अर्धा इंच आत,
जसा म्हातारा उंबऱ्यावर बसतो
अन् बाकीचं घर मागं.

तक्षशीला गजभिये आली ऐन दुपारी,
दुपट्ट्यात गुंडाळलेलं तोंड, मुठीत पेनड्राइव्ह.
टिमकीतल्या विणकर बाया, एम.ए.,
शेवटची तारीख उद्या.
"दादा, आडनाव आधीच लावा लागते काय?"
लागते, म्हटलं. नियम आहे.
"नियम नसला तरी
लोकं तेच विचारतात आधी."
दुपट्टा सोडत म्हणाली. हसत होती बहुतेक.
मी कीबोर्डावरची धूळ फुंकली.

एकोणचाळीस पुस्तकं अकारविल्हे लागली.
चाळिसावी नोंद एवढीच:
कौतिकाबाई. मुलाखत.

आडनाव?
"विचारलं होतं. म्हणे, माहेरचं सांगू का सासरचं?
दोन्हीकडं कोणी राहिलं नाही."
साल?
"मुलाखतीचं आहे. तिचं नाही.
माग विकला त्या वर्षी
धाकट्याला कांजिण्या होत्या, एवढं सांगते."
पृष्ठ क्रमांक?
तिनं मोबाइल कानाशी धरला माझ्या.
आधी खाट करकरली,
मग एक बाई धाग्यांची मोजणी सांगू लागली,
मध्येच थांबली, पुन्हा पहिल्यापासून.

सर म्हणाले होते म्हणे,
असल्या नोंदी शेवटी टाका, 'इतर' म्हणून.
सर तिथं नव्हते.
मी 'क' शोधला.
कुळकर्णी अन् खोब्रागडे यांच्या मधात
बाई बरोबर बसली,
स्वल्पविराम न लागता.

मशीनला नाव ओळखू आलं नाही.
खाली लाल रेघ उमटली, नागमोडी,
लुगड्याच्या काठासारखी.
एक बटण दाबलं की जाते.
नाही दाबलं.
कागदावर ती छापून येत नाही,
हे दोघांनाही ठाऊक होतं.

पान गरम गरम बाहेर आलं.
तक्षशीलेनं पर्स उपसून
सुटे पंधरा मोजले,
एक नाणं घासलेलं होतं,
साल वाचता येत नव्हतं.