पुढे सरका

फादर म्हणाले, वाळवी लागायच्या आत
सगळं कॉम्प्युटरवर उतरव.
वाळवी आधीच पोचली होती.
अठराशे चाळीस ते बावन्न
तिनंच वाचून संपवलंय.

म्हणून रोज चारची रोझरी सुटली की
मी, पास्कोल रुमाव, बेस्टचा रिटायर्ड कंडक्टर,
साक्रिस्तीत बसतो. पंख्याखाली नाही, पानं उडतात.
आणि केवणवाडीची माणसं
एकेक करून आत घेतो.
बाप्तिस्मा, लग्न, दफन.
तीनच थांबे.
मधला कुणाकुणाचा हुकतो.

बापाच्या धंद्याच्या रकान्यात आधी भात आणि मीठ.
मग गोदी, तारऑफिस,
एका पानापासून पुढे कुवेत, बहारीन,
आणि तिथून बाप्तिस्मेच पातळ होत जातात
शेवटच्या पंगतीतल्या रश्शासारखे.

सेसिलमाय सोबतीला येऊन बसते.
स्वतःचं वय एक्याण्णव सांगते.
वहीत त्र्याण्णव आहे. मी बोललो नाही.
मी नाव वाचलं की ती शेत सांगते.
दुमिंग बस्त्याव?
"त्याचा शेत धावपट्टीखाली गेला."
जुजे किणी?
"त्याचा पण. त्याच्या बावीवर तर इमान वळतंय."
उमराचं पाणी हल्ली आम्ही
सोसायटीच्या टाकीवरून आणतो.
घागर तीच, घुमट तोच,
वॉचमनला फक्त आदल्या दिवशी सांगून ठेवायचं.

खंड तिसरा, दफन. सत्त्याण्णवचा फेब्रुवारी.
पादरीचं अक्षर, उजवीकडे कललेलं, लांब शेपट्यांचं,
अकरा तारखेला थांबतं.
बारा तारखेला दुसऱ्याच हातानं एक शब्द: पादरी.
पुढचे सव्वीस दिवस साक्रिस्तांव लिहितो, मोडीत.
त्याला पोर्तुगीज येत नव्हतं
आणि थांबताही येत नव्हतं.

मोडी वाचायला मुलुंडच्या कर्णिकबाई आल्या.
भिंग धरून, बोट न लावता वाचू लागल्या:
फेलिजची बायको.
फेलिजची मुलगी.
फेलिज.
इनासचा धाकटा, नाव ठेवायचं राहिलं.
घाटावरचा कुणी, गिरणीतून पळून आलेला,
वाटेत पडला. आमचा नव्हे. आमच्यात पुरला.
बाई थांबल्या. म्हणाल्या, पाणी मिळेल का.

त्या साली उभारलेल्या क्रुसाभोवती आता रिक्षा स्टँड आहे.
शनिवारी रिक्षावालेच हार घालतात,
म्युनिसिपालटीनं त्याला नंबर दिलाय,
आणि मे महिन्यात आम्ही लिटनी म्हणतो तेव्हा
दोन रिक्षा हलवायला लागतात.
हलवतात बिचारे.

पहिला खंड मी शेवटी उघडला.
शाई गंजासारखी, कागद पापडासारखा.
पहिला रुमाव तिथं उभा होता:
मिंगेल, वय अंदाजे चोवीस.
आधीचं नाव:
आणि पुढे कोरं.
त्या पानावर असे चाळीस जण, चाळीस कोरे.
माहीत नव्हतं असं नाही.
दारातच विचारलं असणार, त्यानं सांगितलंही असणार,
मोठ्यानं, लोकांदेखत, शेवटचं.

कॉम्प्युटर पुढे जाऊ देईना.
लाल चौकोन आला: रकाना भरणे आवश्यक.
'माहीत नाही' टाइप केलं, खोडलं.
'लागू नाही' टाइप केलं, ते तर जास्तच लवकर खोडलं.
एकतीस वर्षं बिनतिकिटाचा माणूस
मी कधी सोडला नाही.

मग स्पेसचं बटण दाबलं, एकदाच.
यंत्राचं समाधान झालं.
मिंगेल आत आला.

"कोणाचा शेत होता तो?" सेसिलमायनं विचारलं.
म्हटलं, कळत नाही गं, नावच नाही.
ती जपमाळ पिशवीत टाकत उठली.
म्हणाली, "मग आपलाच असंल."