आपण, आम्ही

मी कधीच दिसत नाही.
तिच्या प्रत्येक व्हिडिओत
जे किंचित हलतं, तो मी :
एदेल्मिराचा भाऊ, फोन धरणारा.

आयाकुचोच्या वरच्या अंगाला, निवडुंगाच्या रानात
पहिला व्हिडिओ केला तेव्हा तिची नखं लाल होती.
पानांवरचे किडे चिरडले की निघतो तो रंग;
वेचायची मजुरी आमची,
लिपस्टिक कुणा दुसरीच्या ओठांवर.
ती केचुआत म्हणाली,
"आपल्या भाषेत 'आपण' वेगळं, 'आम्ही' वेगळं.
स्पॅनिशला हा फरक ठाऊकच नाही.
आपण म्हटलं की ऐकणारा चुलीपाशी येऊन बसला.
आम्ही म्हटलं की तो उंबऱ्याबाहेर."
एवढंच. मग वाऱ्याने तिची टोपी उडाली,
मी हसलो, फोन हलला.

लिमातल्या एका टॅक्सीवाल्याने लिहिलं :
चाळीस वर्षं ही भाषा तोंडात धरून ठेवली, खड्यासारखी,
कुणी गावंढळ म्हणू नये म्हणून.
काल एका गिऱ्हाइकाशी बोललो.
एका नर्सने विचारलं, कुठे दुखतंय, कसं विचारायचं?
एदेल्मिराने तिला दुखण्याची सगळी नावं शिकवली :
ठणका, कळ, चमक, पिळवटणं,
आणि ते एक, जे फक्त रात्री येतं.
कुणी माझ्या बहिणीला नावं ठेवली
की मी आधी हा टॅक्सीवाला सांगतो, मग ही नर्स.
त्यानंतर बाकीचं.

बाकीचं म्हणजे चहा.
हिरव्या पुड्या, पोट आत नेणाऱ्या, खोकंभर.
पैसेही आले, खोटं का बोलू,
छपराचे पत्रे त्यातले, बापाची कवळी त्यातली.
ती म्हणाली, "आपण सकाळी उपाशीपोटी हा पितो."
आपण.
एक घोट घेऊन ती माझ्यासमोर थुंकली होती.
तेवढं मी कापलं.
उजेड तिच्यावर कुठून पडतो ते बघत राहिलो,
शब्द कुणावर पडतो ते नाही.

खालच्या वस्तीतली येसिका, वय पंधरा.
चुलीपाशी बोलावलं होतं, म्हणून आली.
एकोणीस दिवस पुड्या आणि पाणी.
जूनमध्ये आम्ही बटाटे रात्रभर कडाक्याच्या थंडीत पसरतो,
सकाळी अनवाणी तुडवून त्यातलं पाणी काढतो;
मग ते वर्षानुवर्षं टिकतात, वजनच उरत नाही त्यांना.
ते तुडवता तुडवता ती खाली बसली.
मग आडवी झाली.
मी उचलली तिला. बटाट्याच्या पोत्याइतकीही नव्हती.

दवाखान्याच्या दारात तिची आई उभी, दोन्या फोर्तुनाता.
ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत.
"आम्ही दमलोय," म्हणाली.
आम्ही.
माझी बहीण तिथेच थांबली, दाराच्या अलीकडे.
खिशात फोन थरथरत होता,
दर थरथरीला कुणी अनोळखी
तिला लाल बदाम पाठवत होतं.

पुढचा व्हिडिओ तिने टोपीशिवाय केला, केस न विंचरता.
मी थुंकले, मी लपवलं, मी पैसे घेतले.
मी मध्येच म्हणालो, आपण म्हण,
कापलं तर मीच ना.
"फोन सरळ धर," ती म्हणाली.

तो फार कुणी पाहिला नाही.
चहावाल्यांना कुस्कोकडची दुसरी पोरगी मिळाली,
तिचे दात छान आहेत.

येसिका घरी आलीय. सूप पिते, अर्धी वाटी.
काल टॅक्सीवाल्याचा निरोप आला :
लेकीला शिकवतोय, पण आपण कुठे आणि आम्ही कुठे
यात तिचा फार गोंधळ होतो. काय सांगू?
एदेल्मिरा लिहिते, खोडते, पुन्हा लिहिते.
पत्र्यावर गारा वाजतायत.
छप्पर गळत नाही.