वगळलेला पट्टा

निळ्या शंकूंच्या खोलीत, औलूला,
वेइक्को रेडिओ लाकडी टेबलावर ठेवतो,
जड दार लावून घेतो.
मीटरमागे तीन व्होल्ट. ऐंशी मेगाहर्ट्झपासून वर.
शिट्टी आली की नापास.

आली.
पण कुणाची? रेडिओची,
की आपणच आत सोडलेल्या वायरीची?
इर्मेली वायर उपटते, प्लास्टिकची नळी लावते
आणि भिंतीअलीकडे कान देऊन बसते.
पुन्हा पहिल्यापासून.

अठ्ठ्याण्णवपाशी मात्र हात आखडायचा.
तिथे त्याचं स्वतःचं स्टेशन.
ज्याला घडवलं ऐकायलाच,
त्याच्याकडे बहिरेपण कसं मागणार?
अहवालात एक ओळ: पट्टा वगळला.

साडेचारला, बाहेर अंधार पडून गेल्यावर
दार उघडावं, तर
रेडिओ आपणहून बोलू लागतो:
बोथनियाच्या आखातात वादळ,
बोटींनी बंदर सोडू नये.

इर्मेलीच्या कानाशी नळी तशीच.