वरून नव्हे

डॉक्टर मेरवी म्हणाली, वरून हात घालू नका.
वरून येतं ते त्याच्या लेखी घारच,
मग त्यात तुमची माया का असेना.

मी एकतीस वर्षं वरूनच आलो.
तुर्कूच्या गोदीत, क्रेनच्या काचेच्या खोलीत बसून
जहाजांचे तुकडे उचलले, नव्वद-नव्वद टनांचे,
आणि टेबलावर बशी ठेवावी तसे अलगद टेकवले.
आता समोर शंभर ग्रॅमचा हॅमस्टर आहे
आणि औषध शून्य पूर्णांक शून्य सहा.
चष्मा लावूनही सिरिंजवर ती रेघ सापडत नाही.

त्याचं नाव मुरू.
आमच्याकडे पावाच्या चुऱ्यालाही मुरू म्हणतात
आणि जिवलगालाही.
नाव ठेवलं वेन्लाने, माझ्या नातीने.
ती आईबरोबर ओउलूला गेली,
नव्या घरात जनावर चालत नाही.
पिंजरा माझ्याकडे आला, तारेच्या चाकासकट.
त्याच चाकात मागचा पाय अडकला, सोलला,
चिघळेपर्यंत मला पत्ता नाही.
चाक मी त्याच दिवशी पक्कडीने तोडलं.
कोणावर राग काढला, कोण जाणे.

पहिल्या दिवशी माझी जखम त्याच्या जखमेपेक्षा मोठी.
तो पाठीवर उलटला, दात काढून किंचाळला,
गंजल्या बिजागरीसारखा, एवढ्याशा देहातून.
औषध टॉवेलला पाजलं गेलं.
दुसऱ्या दिवशीही टॉवेललाच.

मग युक्ती कळली. कोरड्या बाथटबमध्ये
मी कपड्यांसकट बसायचं, गुडघे पोटाशी,
कॉफीचा कप आडवा ठेवायचा
आणि आपण तिथे नाहीच असं बघायचं भिंतीकडे.
अंधारं भोक दिसलं की तो शिरतो.
कप उचलायचा, टॉवेलच्या घडीत रिता करायचा,
जबड्याच्या कडेला एक थेंब, थांबायचं,
गिळला की दुसरा.
मग कोमट मिठाचं पाणी, कापसाचं टोक,
खपली भिजू द्यायची, ओढायची नाही.
जीव मुठीत धरायचा, पण मूठ आवळायची नाही.
हे मला एकोणसत्तराव्या वर्षी कळतंय.

पहाटे पाच आणि रात्री नऊ.
डिसेंबरात इथे दोन्ही सारखेच काळे,
त्यामुळे त्याची माझी वेळ जमली.
चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काइसूने विचारलं,
पहाटे न्हाणीघरात कोणाशी बोलतोस?
मला माहीतच नव्हतं मी बोलतो ते.
कान देऊन ऐकलं तर शब्द रेनोचे निघाले.
रेनो खाली धक्क्यावर उभा राहायचा, लाल हातमोजे,
वायरलेसवर सांगायचा मला:
हळू. अजून थोडं. हळू. थांब.
बावीस वर्षं तो हेच बोलला,
त्याच्या अंत्यविधीला मला मात्र एक शब्द सुचला नव्हता.

हळू. अजून थोडं.
लाकडाचा भुसा काढून पांढरा कागद अंथरला,
त्यावर रोज सकाळी डाग शोधायचो:
पिवळा, फिका, मग नुसता ओलसर, मग नाही.
बारा दिवसांनी गुलाबी कातडीवर केस आले,
पेन्सिलीने काढल्याइतके.

जखम भरली. भीती नाही.
झाकणाची कडी वाजली की अजून पळतो,
गाल बियांनी फुगलेले, तसाच, कोपऱ्यात.
वेन्लाने फोनवर विचारलं, तुला ओळखतो का रे तो?
म्हटलं, ओळखतो ना.
म्हणून तर पळतो.

सिरिंज धुऊन चमच्यांच्या खणात ठेवली आहे.
रात्री नऊला तरीही मी टबात जाऊन बसतो,
कप आडवा ठेवतो, भिंतीकडे बघतो.
टाइल्सवर नखं वाजतात. थांबतात. वाजतात.
तो कपात शिरतो, गोल फिरतो,
मिशा काठावर येऊन थरथरतात.

मी उचलत नाही.